पुण्यानुमोदन कोणाचे? तिरोकुड्ड सुत्त आणि बाबासाहेबांचा पुनर्जन्मविषयक प्रश्न

रायगड जिल्ह्याच्या सागरी पट्ट्यात, म्हणजे अलिबाग, मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतील बौद्ध वस्त्यांत, कोणाचे निधन झाले की काही दिवसांनी नातलग, गावकरी आणि मुंबईहून आलेली मंडळी विहारात अथवा घराच्या अंगणात एकत्र जमतात. बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देतात, सुत्तपठण होते, पात्रात पाणी ओतले जाते, शोकसभेची भाषणे होतात आणि शेवटी भोजनदान होते. निमंत्रणपत्रिकेवर या कार्यक्रमाचे नाव 'जलदान विधी व पुण्यानुमोदन' असे छापलेले असते. त्याच पत्रिकेच्या तळाशी पुष्कळदा 'मृतात्म्यास चिरशांती लाभो' हेही छापलेले असते. अनात्मवादी धम्मात मृतात्मा आला कोठून, अशी थट्टा विरोधक पूर्वीपासून करीत आले आहेत. आता आमचे तरुणही तोच प्रश्न विचारू लागले आहेत, आणि त्यांचा प्रश्न थट्टेपुरता नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्ध व पिंडदान नाकारते. मग पुण्यानुमोदनात जे पुण्य आपण मृताला देतो असे म्हणतो, ते कोणाला पोहोचते? घेणारा कोणी नसेल तर देणे व्यर्थ आहे. आणि घेणारा असेल तर पिंडदान नाकारले कशासाठी?

या प्रश्नाला सध्या व्याख्यानांतून व छोट्या विधी-पुस्तिकांतून दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, बौद्ध धम्मात आत्मा नसला तरी विज्ञान आहे. मृत्यूनंतर हे विज्ञान पुढच्या जन्मात जाते आणि पुण्य त्याला मिळते. दुसरे उत्तर असे की, पाली ग्रंथांत परलोकाविषयी जे काही आहे ते सर्व प्रक्षिप्त आहे, म्हणून विधीच बंद करावा. पहिल्या उत्तराने आत्मा नाव बदलून मागच्या दाराने घरात येतो. दुसऱ्या उत्तराने ग्रंथ न वाचताच निकालात निघतो, आणि ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घराला आपण काहीच देत नाही. आम्हांस दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. मूळ पाली सुत्ते आणि बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ समोरासमोर ठेवून वाचले असता तिसरा अर्थ निघतो, तो येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम ज्या सुत्ताचे या विधीत पठण होते ते पाहू. तिरोकुड्ड सुत्त खुद्दकपाठात सातव्या क्रमांकावर आहे आणि पेतवत्थूतही आले आहे. 'तिरोकुड्ड' म्हणजे भिंतीपलीकडे. प्रेत झालेले नातलग आपल्या जुन्या घरी परततात आणि भिंतींबाहेर, नाक्यांवर, दाराच्या चौकटीपाशी उभे राहतात, घरात भरपूर अन्नपाणी असूनही त्यांची कोणास आठवण होत नाही, असे या सुत्ताचे चित्र आहे. अनुकंपा असलेले आप्त त्यांच्या नावाने दान देतात आणि ते प्रेत त्या दानाचे अनुमोदन करतात. उंचावर पडलेला पाऊस सखल भागाकडे वाहतो, भरलेल्या नद्या सागर भरतात, तसे येथे दिलेले तेथे पोहोचते, अशी उपमा पुढे येते. पाणी ओतण्याच्या कृतीचा आधार हीच उपमा होय. यातील 'कुड्ड' हा शब्द आमच्या कोकणी वाचकांस परका वाटू नये. कारवीच्या काड्या बांधून शेणामातीने लिंपलेल्या भिंतीला आपण 'कूड' म्हणतो, तो हाच शब्द.

ग्रंथात हे आहे, आणि ते नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ग्रंथात इतकेच आहे असे म्हणणेही तितकेच अप्रामाणिक आहे. अंगुत्तर निकायाच्या दसक निपातात जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाशी झालेला संवाद आहे. आम्ही ब्राह्मण श्राद्ध करतो, दान देतो, ते मृत आप्तांना पोहोचते काय, हा त्याचा प्रश्न शब्दशः आमच्या तरुणांचाच आहे. भगवान सांगतात की योग्य स्थानी असेल तर पोहोचते, अयोग्य स्थानी असेल तर पोहोचत नाही. मग नरकात, पशुयोनीत, मनुष्यांत, देवांत गेलेल्यांना ते पोहोचत नाही, केवळ प्रेतविषयात असलेल्यांना पोहोचते, असे वर्गीकरण येते. ब्राह्मण चिवट आहे. तो आप्त त्या स्थानी नसेल तर? दुसरे आप्त असतील. तेही नसतील तर? तेव्हा भगवंतांचे उत्तर असे की, इतक्या दीर्घ काळात ते स्थान आप्तांवाचून रिकामे असणे संभवत नाही. तथापि देणारा कधीच निष्फळ होत नाही. संवादाची चाल लक्षात घेतली पाहिजे. ब्राह्मण घेणाऱ्याविषयी विचारीत राहतो आणि उत्तर शेवटी देणाऱ्यापाशी येऊन थांबते. श्राद्धाची सारी इमारत घेणाऱ्यावर उभी असते, म्हणून तेथे कोण जेवला, कोणत्या कुळातला जेवला, कावळा शिवला की नाही, यांना महत्त्व. महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या मनुस्मृतीचे दहन झाले, तिच्या तिसऱ्या अध्यायाचा मोठा भाग श्राद्धाला कोणास बोलवावे आणि कोणास बोलवू नये यासाठीच खर्ची पडला आहे. ज्या सावित्री नदीच्या खोऱ्यात महाड वसले आहे, तीच नदी खाली हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते आणि तेथे आजही पिंडदानासाठी लोक येतात. या किनाऱ्यावरील बौद्धाला 'पोहोचते काय?' हा प्रश्न केवळ पोथीतला नाही, हे यावरून ध्यानात येईल.

पाली परंपरेतच या विषयावर वाद झाला होता, ही गोष्ट तर आमचे वक्ते क्वचितच सांगतात. अभिधम्मपिटकातील कथावत्थूत, सातव्या वर्गात, 'येथे दिलेल्या दानावर तेथील लोक निर्वाह करतात' हे मत वादासाठी घेतले आहे. अट्ठकथेनुसार हे मत राजगिरिक व सिद्धत्थिक यांचे होय. थेरवादी त्याचा प्रतिवाद करतो: मग एक जण कर्म करतो आणि दुसराच फळ भोगतो काय? सुखदुःख परक्याने केलेले असते काय? प्रतिपक्षी तिरोकुड्डातील वर्षाव-नदीची उपमाच पुरावा म्हणून पुढे करतो, तरीही थेरवादी आपली भूमिका सोडत नाही. म्हणजे ज्या उपमेवर आपण पाणी ओततो, तिचा शब्दशः अर्थ घेऊ नये, ही भूमिका खुद्द तिपिटकात नोंदलेली आहे. अट्ठकथेने तडजोड अशी काढली की, प्रेत दानावर जगत नाही. दान पाहून त्याच्या चित्तात जो आनंद होतो, त्या त्याच्या स्वतःच्या कुशल चित्ताचे फळ त्याला मिळते. तडजोड विद्वत्तापूर्ण आहे. परंतु तिच्यातही पुण्य एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही, हे मान्य करावे लागले.

आता बाबासाहेबांकडे वळू. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात पुनर्जन्मावर प्रकरण आहे. त्याची मांडणीच असाधारण आहे. बुद्धाने पुनर्जन्म मानला की नाही, असा होकार-नकाराचा प्रश्न ते विचारीत नाहीत. ते प्रश्नाचे दोन तुकडे करतात: पुनर्जन्म कशाचा? आणि पुनर्जन्म कोणाचा? पहिल्याचे उत्तर ते देतात की, पृथ्वी, आप, तेज, वायू ही भूते देहाबरोबर नष्ट होत नाहीत. ती आकाशातील आपल्या सजातीय भूतांच्या राशीत मिसळतात आणि तेथून नवी जुळणी होते. जुळणारे घटक त्याच मृत देहातले असतील असे नाही. दुसऱ्या प्रश्नाला, तीच व्यक्ती पुन्हा जन्मते काय याला, त्यांचे उत्तर नकाराकडे झुकते. आधार म्हणून ते सारिपुत्त व महाकोट्ठित यांच्या महावेदल्ल सुत्तातील संवादाकडे जातात, जेथे आयुष्य, उष्मा आणि विज्ञान या तिन्हींनी सोडले म्हणजे देह लाकडासारखा पडून राहतो असे सांगितले आहे.

या प्रकरणाविषयी आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. भूतांच्या राशीचे स्पष्टीकरण हा या प्रकरणाचा सर्वांत दुबळा भाग आहे. देहाचे घटक निसर्गात परततात हे खरे. परंतु त्याला पुनर्जन्म म्हणण्यासाठी तो शब्द फार ताणावा लागतो. विज्ञानाच्या उत्पत्तीसाठी त्यांनी अन्यत्र दिलेली विद्युत्क्षेत्र व चुंबकीय क्षेत्र यांची उपमाही काळाबरोबर जुनी होणारी आहे, जशी प्रत्येक युगाची भौतिकशास्त्रीय उपमा होते. बाबासाहेबांच्या ग्रंथाविषयी इतके बोलणे काहींना अप्रिय वाटेल. पण ज्यांनी आपल्या ग्रंथात बुद्धवचनासही बुद्धीची, मानवी हिताची आणि निश्चिततेची कसोटी लावली, त्यांच्या उपमांना ती लावू नये असे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. प्रकरणाचे बळ उपमांत नाही, प्रश्नांच्या विभागणीत आहे. 'कशाचा' आणि 'कोणाचा' हे दोन प्रश्न एकदा वेगळे झाले की विज्ञानाला आत्म्याच्या जागी बसविता येत नाही.

आणि ही विभागणी बाबासाहेबांनी बाहेरून आणलेली नाही. मज्झिम निकायातील अडतिसावे महातण्हासंखय सुत्त पाहा. त्यात साति नावाचा भिक्षू आहे. तो 'केवट्टपुत्त' आहे, कोळ्याचा मुलगा. सागरकिनाऱ्यावरच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे. त्याचे मत असे की, हेच विज्ञान, दुसरे नव्हे, संसारात धावत राहते. सोबतचे भिक्षू त्याची समजूत काढतात, तो बधत नाही. भगवान त्याला विचारतात, ते विज्ञान कोणते? तो उत्तरतो की, जे बोलते, जे वेदना अनुभवते, जे येथे-तेथे बऱ्यावाईट कर्मांचे फळ भोगते ते. भगवान त्याला कठोर शब्दांत निरुत्तर करतात आणि अग्नीचा दृष्टान्त देतात: लाकडामुळे पेटला तर लाकडाचा अग्नी, गवतामुळे पेटला तर गवताचा, शेणीमुळे पेटला तर शेणीचा, तसे डोळा व रूप यांमुळे उपजले ते चक्षुविज्ञान, कान व शब्द यांमुळे उपजले ते श्रोत्रविज्ञान. प्रत्ययावाचून विज्ञानाचा संभव नाही. गवताचा अग्नी विझला म्हणजे तो उठून शेणीत जाऊन बसत नाही. आमच्या पुस्तिकांत 'विज्ञान पुढे जाते' असे जे छापले जाते ते सातिचेच मत होय, आणि ज्या मताचा भगवंतांनी भर सभेत निषेध केला ते मत मृत्यूच्या घरी बौद्ध मत म्हणून सांगितले जात आहे. भगवंतांच्या हयातीतच त्यांच्या वचनांचा विपर्यास कसा होत असे, हे दाखविण्यासाठी बाबासाहेबांनी जी पाच सुत्ते नमूद केली, त्यांत महातण्हासंखय सुत्ताचे नाव आहे, ही गोष्ट योगायोगाची नव्हे.

प्रतिपक्षाजवळ पुरावे नाहीत असे नाही. याच सुत्तात पुढे गर्भधारणेसाठी मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाल आणि गंधब्ब अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत. दीघ निकायातील महानिदान सुत्तात विज्ञान मातेच्या कुशीत उतरण्याची भाषा आहे. या जागा आम्ही लपवू इच्छित नाही. परंतु महानिदान सुत्तच विज्ञान नामरूपावर आणि नामरूप विज्ञानावर अवलंबून असल्याचे सांगते. आणि संयुत्त निकायात सारिपुत्त त्याच महाकोट्ठिताला एकमेकांवर टेकून उभ्या असलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांची उपमा देतो: एक काढली की दुसरी पडते. टेकल्यावाचून उभे राहू न शकणारे विज्ञान एका देहातून निघून दुसऱ्या देहापर्यंतचा प्रवास एकटे कसे करील? 'उतरणे' हा शब्द घेऊन आत्मा सिद्ध करणाऱ्यांनी या पेंढीचे उत्तर दिले पाहिजे.

दुसऱ्या पक्षालाही, म्हणजे सर्व प्रक्षिप्त म्हणणाऱ्यांनाही, एक सुत्त वाचावे लागेल आणि ते त्यांना गैरसोयीचे आहे. दीघ निकायातील पायासि सुत्तात पायासि नावाचा अधिपती परलोक नाही असे मानतो, आणि त्यासाठी त्याने प्रयोग केलेले आहेत. मरणासन्न आप्तांना त्याने सांगून ठेवले की परलोक असेल तर येऊन सांगा. कोणी आले नाही. चोराला जिवंतपणी मोठ्या भांड्यात बंद करून तोंड लिंपून घेतले, मग उघडून पाहिले. जीव बाहेर पडताना दिसला नाही. आज आमचा बुद्धिवादी तरुण जे म्हणतो ते जवळजवळ सारे पायासिने म्हटलेले आहे, आणि कुमारकस्सपाने ते खोडून काढले आहे. येथे ग्रंथ आमच्या तरुणांच्या बाजूने नाही. हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. मात्र कुमारकस्सपाचा एक दृष्टान्त बारकाईने वाचण्याजोगा आहे. शंख वाजविणारा एका सीमेवरच्या गावी जातो, शंख फुंकतो. गावकऱ्यांना वाटते, आवाज या शंखाचाच. तो निघून गेल्यावर ते शंखाला विनवितात, उलटा-सुलटा करतात, काठीने ठोकतात; शंख बोलत नाही. शंखाला पुरुषाचा प्रयत्न आणि वारा यांची साथ असते तेव्हाच तो वाजतो. तसे आयुष्य, उष्मा आणि विज्ञान यांची साथ असते तेव्हाच देह चालतो, बोलतो, जाणतो.

आयुष्य, उष्मा आणि विज्ञान: महावेदल्ल सुत्तातून बाबासाहेबांनी घेतलेली तीच तिकडी. पायासिला खोडण्यासाठी वापरलेला दृष्टान्त प्रत्यक्षात बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देतो. नाद शंखात दडून बसलेला नव्हता. प्रत्यय जुळले तेव्हा तो उपजला, आणि फुंकणे थांबल्यावर नाद कोणत्या गावी गेला हा प्रश्नच उरत नाही. या सुत्ताच्या निष्कर्षाशी आम्ही सहमत नाही आणि त्याच्या उत्कृष्ट दृष्टान्ताशी पूर्ण सहमत आहोत.

मराठी भाषेने मात्र आमची अडचण करून ठेवली आहे. मराठीत देहाला 'कुडी' म्हणतात. शब्दाचे मूळ 'कुटी', म्हणजे झोपडी. प्राण गेला, कुडी राहिली, असे आपण सहज बोलतो, आणि बोलताना झोपडीत राहणारा कोणी भाडेकरू निघून गेला असे चित्र मनात उभे राहते. पाली सुत्तानेही देहाला घराची उपमा दिली आहे, पण फरक पाहा. मज्झिम निकायातील महाहत्थिपदोपम सुत्तात सारिपुत्त सांगतो की लाकूड, वेली, गवत आणि माती यांनी वेढलेल्या अवकाशाला 'घर' म्हणतात. तसे अस्थी, स्नायू, मांस आणि त्वचा यांनी वेढलेल्या अवकाशाला 'रूप' म्हणतात. कुडाच्या घराचे याहून अचूक वर्णन होणार नाही, आणि या घरात भाडेकरू नाही.

यावर कोणी म्हणेल, हा केवळ पंडितांचा खल आहे. शोक करणाऱ्या बाईला पेंढ्या आणि शंख सांगून काय उपयोग? सांत्वनासाठी विज्ञान पुढे जाते म्हटले तर बिघडले काय? बिघडते, आणि फार मोठे बिघडते. विज्ञान पुढे जात असेल तर ते आपल्याबरोबर कर्माचे गाठोडे घेऊन जाते, आणि मग अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या माणसाला त्याच्या जन्माचे कारण त्याच्याच गाठोड्यात सापडते. बाबासाहेबांनी कर्मावरच्या विभागात हाच धोका ओळखला. कम्म-नियम हा जगाच्या नैतिक व्यवस्थेचा नियम आहे, एकेका व्यक्तीच्या दारिद्र्याचे वा दुःखाचे समर्थन नाही, हा त्यांचा निर्णय. पाली वाङ्मयात याच्या उलट जाणारी जागा आहे. चूळकम्मविभंग सुत्तात नीच कुळातील जन्म हा पूर्वीच्या उद्धटपणाचा परिणाम म्हणून सांगितला आहे. परंतु त्याच मज्झिम निकायात देवदह सुत्त आहे, जेथे सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते या निगंठांच्या मताचे खंडन आहे. आणि संयुत्त निकायात मोळियसीवकाला भगवान सांगतात की काही वेदना पित्तामुळे, काही कफामुळे, काही वातामुळे, काही ऋतुबदलामुळे होतात, हे लोकांनाही ठाऊक असलेले सत्य आहे. दोन्ही प्रकारची वचने समोर असताना बाबासाहेबांनी निवड केली आणि निवडीच्या कसोट्या उघड केल्या. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी ज्यांनी प्यायले, त्यांची तहान पूर्वजन्मीच्या कर्माची होती असे ज्या तत्त्वज्ञानातून निष्पन्न होईल, ते सांत्वनासाठीसुद्धा आम्हांस घेता येणार नाही.

मग पुण्यानुमोदन या शब्दाचा अर्थ काय करावयाचा? येथे व्याकरण आमच्या मदतीला येते. पालीत दोन संज्ञा स्वतंत्र आहेत: 'पत्तिदान' म्हणजे आपल्या वाट्याचे पुण्य दुसऱ्यास देणे, आणि 'अनुमोदना' म्हणजे दुसऱ्याने केलेल्या पुण्याने आनंदित होणे. दान, शील, भावना ही तीनच पुण्यक्रिया-वस्तू सुत्तपिटकात आहेत. उत्तरकाळी त्यांची दहा झाली, तेव्हा या दोन्ही त्यांत निरनिराळ्या मोजल्या गेल्या. आपल्या समाजाने पत्रिकेवर पत्तिदान छापले नाही, अनुमोदन छापले. हे ज्याने प्रथम केले त्याने जाणून केले की अजाणता, हे सांगता येत नाही, परंतु शब्द नेमका पडला आहे. अनुमोदनाचा कर्ता आनंदित होणारा असतो. आनंदित होणारा जिवंत असला पाहिजे, आणि ज्याच्या पुण्याने आनंदित व्हावयाचे तो मृत असला तरी चालते, कारण त्याचे पुण्य घडून गेलेले आहे. म्हणजे या विधीत मृताला काही पाठवावयाचे नाही. त्याने हयातीत जे कुशल केले त्याचे उच्चारण करून उपस्थितांनी त्यात आनंद मानावयाचा आहे. हा अर्थ अट्ठकथेचा नव्हे, आमचा आहे. परंतु अनुमोदनेच्या धातूशी, जाणुस्सोणि संवादाच्या शेवटाशी आणि कथावत्थूतील थेरवादी आक्षेपाशी तो सुसंगत आहे. शोकसभेतील भाषणे लांबली की मंडळी घड्याळाकडे पाहतात. वस्तुतः तीच भाषणे, खोटी स्तुती टाळून केली तर, या विधीचा गाभा ठरतात.

या किनाऱ्यावरच याचा एक शिलारूप पुरावा आहे. तळे तालुक्यात राजपुरीच्या खाडीकडे पाहणाऱ्या डोंगरात कुडे येथील लेणी आहेत. त्यांतील ब्राह्मी लेख बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली प्रसिद्ध केले. सातवाहनकालीन लेखांत दात्यांची यादी मोठी मनोवेधक आहे: वैद्य सोमदेव आपल्या मुलामुलींसह, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक, एक माळी, सार्थवाह, महाभोजाचा लेखक सिवभूति, ब्राह्मण उपासकाची पत्नी भयिला जिने चैत्यगृह दिले, आणि प्रव्रजिता नागनिकेची मुलगी प्रव्रजिता पदुमनिका, जिने आपल्या शिष्यांसह लेणे व पाण्याची पोढी दिली. आणि प्रत्येक लेखाचा मध्यवर्ती शब्द एकच: 'देयधम'. हे दान कोणाला पोहोचावे, कोणत्या लोकी फळावे, याविषयी हे लेख मौन पाळतात. त्याच डोंगरात काही शतकांनी कोरलेल्या मूर्तींजवळ एका शाक्यभिक्षूचा संस्कृत लेख आहे; तेथे आईवडिलांना अग्रस्थानी ठेवून या दानाचे पुण्य सर्व सत्त्वांच्या ज्ञानप्राप्तीसाठी असो, अशी भाषा येते. एकाच डोंगरात पुण्याची भाषा बदललेली दिसते. घाटावर कार्ले येथे पुळुमावीच्या २४ व्या वर्षीच्या लेखात मातापित्यांची पूजा आणि सर्व सत्त्वांचे हितसुख हे हेतू आधीच आलेले आहेत, तेव्हा हा बदल सर्वत्र एकाच काळी झाला असे समजू नये. आमचा मुद्दा एवढाच की, कुड्याच्या माळ्याला आणि लोहाराच्या मालाचा व्यापार करणाऱ्याला आपल्या दानाचा पत्ता लिहून ठेवण्याची गरज भासली नव्हती. पोढीत पाणी साठत होते आणि वर्षावासातील भिक्षू ते पीत होते.

विधीच्या सुधारणेविषयी आमच्या सूचना थोड्या आहेत. तिरोकुड्ड सुत्ताचे पठण ठेवावे असे ज्यांना वाटते त्यांनी ते ठेवावे, पण त्यानंतर जाणुस्सोणि संवादाचा शेवट मराठीत वाचून दाखवावा. पाणी ओतताना 'पोहोचो' असे न म्हणता मृताच्या एका तरी कुशल कर्माचा नावानिशी उल्लेख करावा: वस्तीच्या विहिरीसाठी केलेले श्रमदान, वाचवून शिकविलेली पुतणी, विहाराच्या पायाला घातलेला दगड. भोजनदान आप्तांपुरते न ठेवता वसतिगृहातील मुलांपर्यंत न्यावे. दहाव्या-बाराव्या दिवसाचाच आग्रह धरू नये; हा आकडा आपल्याकडे कोठून आला ते सर्वांस ठाऊक आहे. शोकाकुल घरी 'ते आता कोठे असतील?' असा प्रश्न आला तर उत्तर बनवून देऊ नये. थेरीगाथेत उब्बिरी आपल्या मृत मुलीला, जीवेला, स्मशानात हाका मारते, तेव्हा भगवान तिला मुलीचा ठावठिकाणा सांगत नाहीत. याच स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली जळल्या, त्यांपैकी कोणासाठी रडतेस, एवढेच विचारतात. मुलीचे नावच 'जीवा' असावे, यातला श्लेष पालीच्या विद्यार्थ्यांस वेगळा सांगावयास नको.

राहता राहिली पत्रिका. 'मृतात्म्यास' हा शब्द तिच्यावरून काढावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मृत व्यक्तीच्या नावाआधी आपण 'कालकथित' छापतो, तोही शब्द तपासला पाहिजे. पालीत 'कालं करोति' म्हणजे काळ करणे, मरणे. त्याचे भूतकालवाचक विशेषण 'कालकत' अथवा 'कालङ्कत'. त्यातील 'कत' म्हणजे कृत, केलेला. हा 'कत' कोणीतरी 'कथित' असा वाचला आणि तो रूढ झाला. 'कालकथित' याचा संस्कृत अर्थ काळाने सांगितलेला असा होतो, जो येथे अभिप्रेत नाही. रूढ शब्द एका लेखाने बदलत नाहीत हे आम्ही जाणतो. तरी ज्यांना नवी पत्रिका छापावयाची आहे त्यांनी 'कालकत' असे छापावे आणि छापखान्यातून आलेले मुद्रित एकदा स्वतः तपासावे, कारण जुळारी तो शब्द हमखास 'दुरुस्त' करून ठेवतो.